नियमांच्या हाती दिलेलं टपाल

इनबॉक्समधली सगळ्यात मोठी अडचण न वाचलेल्या मेलच्या आकड्याची आहे, असं मला वाटत नाही. आकडा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यावर बोललं जातं. खरी अडचण अशी की एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टी तिथं एकाच रांगेत, एकाच ठळक अक्षरात उभ्या असतात. मैत्रिणीचा सवडीने लिहिलेला लांबलचक मेल, त्याच्यावर कुठल्याशा ॲपचं 'तुमचं प्रोफाइल अपूर्ण आहे', त्याच्यावर विम्याच्या हप्त्याची आठवण आणि सगळ्यात वर दहा मिनिटांत निकामी होणारा ओटीपी. नंतर आलेलं वर, एवढाच काय तो क्रम. जिव्हाळा, मुदत, गरज यांतलं काहीच त्या रांगेला कळत नाही.

ते कळावं अशी मुळात रचनाच नव्हती. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्यांनी नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात मेल पाठवून दाखवला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्यामध्ये 'ॲट'चं चिन्ह बसवलं. १९८२ मध्ये आरएफसी ८२२ या दस्तऐवजाने (इंटरनेटचे तांत्रिक नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिले जातात) मेलचा साचा पक्का केला: कुणाकडून, कुणाला, कधी, कशाबद्दल आणि खाली मजकूर. आज आपण जे पाठवतो त्याचा सांगाडा अजूनही तोच आहे. पाठवणारे मोजके होते आणि बरेचसे एकमेकांना ओळखत होते, तोवर याहून अधिक काही लागत नव्हतं.

पण तक्रार किती लवकर सुरू झाली ते पाहा. त्याच वर्षी, मार्च १९८२ मध्ये, एसीएम या संगणकशास्त्रातल्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर डेनिंग यांनी तिच्या मासिकात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबद्दल लेख लिहिला. लिहिणं आणि पाठवणं सोपं करण्याकडे आपण सगळं लक्ष दिलं, आता ज्याच्याकडे हे येऊन पडतं त्याचा विचार करा, त्याला यातून निवडता आलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. वेब जन्मायला अजून काही वर्षं होती, जाहिरातीचे मेल हा धंदा झालेला नव्हता, आणि तरीही घेणाऱ्याची दमछाक कुणाला तरी दिसली होती.

पुढे १९८७ मध्ये एमआयटीतल्या थॉमस मलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इन्फर्मेशन लेन्स' नावाच्या प्रणालीविषयी लिहिलं. तिच्यात आजच्या फिल्टरची बीजं आहेतच. मेल अमुक प्रकारचा असेल तर तमुक करा, असे नियम साध्या माणसाला लिहिता यावेत अशी ती व्यवस्था होती. मला तिच्यातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. मेल पाठवणाऱ्याला ठरलेल्या लोकांबरोबर 'कुणीही' असाही एक पत्ता देता येत असे. मग ज्यांनी त्या विषयात रस असल्याचा नियम लिहून ठेवला आहे, त्यांच्यापर्यंत तो मेल आपोआप पोहोचायचा. नियमाचं काम तिथं दोन्ही बाजूंचं होतं, नको ते बाजूला सारायचं आणि हवं ते शोधून आणायचं. पुढच्या काळात दुसरी बाजू आपण जवळजवळ विसरलो. आज फिल्टर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते फक्त हटवणं.

एकाहून जास्त खाती असणाऱ्यांची पंचाईत आणखी वेगळी. खातं कुणी हौसेने वाढवत नाही. शिकताना एक घेतलेलं असतं, त्याच्यावर जुन्या ओळखी अजून लिहितात. नोकरीचं दुसरं. खरेदी आणि नोंदणी यांसाठी म्हणून तिसरं उघडलेलं. एखाद्या छोट्या संस्थेचं काम अंगावर घेतलं की तिचा पत्ताही आपल्याच फोनमध्ये येऊन बसतो. प्रत्येक खात्यात आपण थोडे निराळे असतो, आपल्याशी बोलणारी माणसं निराळी असतात आणि उत्तराची त्यांची अपेक्षाही निराळी असते. संस्थेच्या पत्त्यावर आलेल्या प्रश्नाला माझ्या खासगी पत्त्यावरून उत्तर गेलं, तर समोरचा गोंधळतो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार चुकीच्या घरी राहायला जातो.

म्हणूनच 'सगळी खाती एका खात्यात फॉरवर्ड करून टाका' हा सल्ला मला पटत नाही. तो देणारे चांगल्या मनाने देतात, आणि पहिले काही दिवस तो उत्तम चालतोही. पण फॉरवर्डिंगचं एक दुखणं वरून दिसत नाही. आमच्या नावाचे मेल या-या सर्व्हरवरूनच निघतील, अशी यादी डोमेनचा, म्हणजे पत्त्यात 'ॲट'च्या पुढे येणाऱ्या नावाचा, मालक एसपीएफ या पद्धतीने जाहीर करतो. फॉरवर्ड झालेला मेल मधल्या सर्व्हरवरून पुढे निघतो, तो सर्व्हर त्या यादीत नसतो, आणि शेवटच्या दाराशी तपासणी फसते. डीकेआयएम नावाची डिजिटल सही मेलमध्ये असेल तर ती मजकुराला धक्का न लागल्यास टिकते. मधल्या कुणी विषयात एक शब्द घातला किंवा तळाशी एक ओळ जोडली, की तीही मोडते. तपासणी फसलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारं पाठवणाऱ्या डोमेनचं डीमार्क धोरण कडक असेल तर असा मेल थेट नाकारला जातो. यावर तोडगा म्हणून वाटेतल्या सर्व्हरने आपल्या तपासणीचा निकाल मेलसोबत पुढे देण्याची, एआरसी नावाची पद्धत २०१९ मध्ये मांडली गेली, पण ती वाटेतल्या सगळ्यांनी पाळली तरच उपयोगाची. म्हणजे ज्या मेलची आपण वाट पाहत असतो, तोच कधी स्पॅममध्ये जातो, कधी परत फिरतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मुख्य खात्यात तर तो कधी आलेलाच नसतो, मग शोधणार कुठं?

त्यापेक्षा मेल ज्या खात्यात आला तिथंच राहू द्यावा आणि पाहण्याची जागा एक करावी. हे जमतं आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीमुळे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला हा प्रोटोकॉल आखायला घेतला. त्याआधीच्या पॉप या पद्धतीची सर्वसाधारण रीत मेल उतरवून आपल्या यंत्रावर आणण्याची होती. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच असतो. फोन, लॅपटॉप, ऑफिसचा संगणक ही सगळी त्याच एका साठ्याकडे बघणारी साधनं. एकीकडे वाचलेलं दुसरीकडे वाचलेलं दिसतं. थंडरबर्डसारख्या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये सगळ्या खात्यांचे इनबॉक्स एकत्र दाखवणारा फोल्डर असतो, आणि उत्तर द्यायला घेतलं की ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून ते जातं. खाती वेगळी राहतात, बघणारे डोळे एक होतात. मला हीच मांडणी माणसाच्या जगण्याशी जुळणारी वाटते.

नियम कुठं चालतो, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही. आला पाहिजे. काही फिल्टर सर्व्हरवर चालतात, मेल पोहोचता क्षणी. काही आपल्या यंत्रावरच्या प्रोग्राममध्ये चालतात, तो प्रोग्राम उघडा असेल तेव्हाच. आउटलुकमध्ये काही नियमांच्या पुढे 'फक्त या संगणकावर' असं लिहिलेलं असतं, ते याच जातीचे. लॅपटॉपवर बसून सुरेख नियमावली लिहिलेली असते आणि तरीही रात्री फोन वाजत राहतो, कारण लॅपटॉप बंद आहे आणि फोनला त्या नियमांची गंधवार्ता नाही. अनेक खाती आणि अनेक यंत्रं असतील तर नियम सर्व्हरवरच हवेत, प्रत्येक खात्याचे त्याच्या त्याच्या सर्व्हरवर. एकदा बसून प्रत्येक ठिकाणी तेच नियम पुन्हा लिहावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाचं आहे.

सर्व्हरवरच्या नियमांसाठी 'सिव्ह' नावाची एक छोटी भाषा आहे. जानेवारी २००१ मध्ये ती आरएफसी ३०२८ म्हणून प्रसिद्ध झाली, २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आरएफसी ५२२८ आली. जीमेलमध्ये ती थेट वापरता येत नाही, पण कितीतरी मेल-सेवा आणि संस्थांचे सर्व्हर ती वापरतात. नियमाच्या चौकटीत आपण जे टिचक्या मारून निवडतो, त्याची पडद्याआड बऱ्याच ठिकाणी सिव्हच होते. ही भाषा मुद्दाम दुबळी ठेवलेली आहे. मूळ भाषेत एकच कृती पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोयच नाही, कारण एका माणसाच्या चुकलेल्या नियमाने सगळ्यांचा सर्व्हर अडकू नये.

पण माझा या भाषेवर जीव आहे तो तिच्यातल्या दुसऱ्या एका तरतुदीसाठी. मेल सगळ्या नियमांमधून गेला आणि त्याचं काय करायचं ते एकाही नियमाने सांगितलं नाही, तर तो इनबॉक्समध्ये ठेवायचा. हे वेगळं लिहावं लागत नाही, ते गृहीतच आहे. नियम चालवताना मध्येच काही बिघडलं, तरी मेल इनबॉक्समध्येच ठेवायचा आणि बिघाड झाल्याचं मालकाला कळवायचं. शंका आली तर दाखव, घोटाळा झाला तर दाखव. लपवायचं असेल तर तसं कुणीतरी स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

समितीत बसून तांत्रिक मसुदा लिहिणाऱ्यांनी ही काळजी घेतली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मेलचा मालक तिथं नसताना त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा आहे, मग चूक झालीच तर कोणत्या बाजूला व्हावी, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं. नको असलेले चार मेल डोळ्यांसमोर आले तर माझी दोन मिनिटं जातील. हवा असलेला एक मेल दिसलाच नाही, तर काय गेलं हे मला कळणारही नाही. या दोन चुका सारख्या नाहीत. फिल्टर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिला नियम लिहिण्याआधी हा फरक मनाशी पक्का करावा, असं मला वाटतं. म्हणून माझ्या प्रत्येक खात्यात सगळ्यात वरचा नियम काय हटवायचं ते सांगत नाही. कोणत्या माणसांचे मेल कुठल्याही परिस्थितीत हलवायचे नाहीत, ते तो सांगतो. आणि त्यातलं कुणी असेल तर पुढचे नियम वाचायचेच नाहीत, थांबायचं. सिव्हमध्ये आणि आउटलुकमध्ये नियम वरून खाली क्रमाने चालतात आणि असं थांबवता येतं. जीमेलमध्ये क्रम नाही, लागू पडणारे सगळे फिल्टर लागतात. तिथं हलवणाऱ्या प्रत्येक फिल्टरमध्ये ही माणसं वगळावी लागतात.

हे मी शिकले ते बाबांच्या खात्यामुळे.

डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर बाबांनी त्यांच्या मेलची व्यवस्था लावायला मला सांगितलं. मी उत्साहाने विचारलं, "बाबा, बँकेचे, दवाखान्याचे, पेन्शनचे मेल सगळ्यात वर आणू का?" ते म्हणाले, "ते तुला महत्त्वाचे वाटतात. मला माणसं वर हवीत. बँक कुठं पळून जात नाही."

मग आम्ही दोघं त्यांचा इनबॉक्स वाचायला बसलो. त्यांच्या नोकरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचे मेल तिथं भरपूर होते, सगळे फॉरवर्ड केलेले. विषयाच्या सुरुवातीला 'एफडब्ल्यूडी' तीन-तीनदा, वर पत्त्यांची लांबलचक माळ, आत सुविचार आणि फुलांची चित्रं, सोबत जड अटॅचमेंट. कुठल्याही यंत्राच्या कसोटीवर हा घाऊक मेल. मी म्हटलं, "हे एका फोल्डरमध्ये टाकू या, सवडीने बघा." बाबांनी त्यातला एक उघडायला लावला आणि म्हणाले, "खाली जा. अजून खाली." चित्रांच्या, रेघांच्या, इतरांच्या नावांच्या खाली, अगदी तळाशी, त्या काकांनी स्वतः टाइप केलेली एक ओळ होती: 'गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन. झालं की फोन करतो.'

"ते वेगळं पत्र लिहीत नाहीत," बाबा म्हणाले. "असंच कळवतात."

त्या दिवशी आमचा पहिला नियम तयार झाला: पाठवणारा बाबांच्या ॲड्रेस बुकमध्ये असेल तर मेलला हात लावायचा नाही, मग तो कसाही दिसो. त्यानंतर आम्ही ॲड्रेस बुकच नीट केलं. त्याला फिल्टर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक नावाशी बाबा थांबत होते आणि त्या माणसाविषयी सांगत होते. ज्यांचे दोन-दोन पत्ते होते त्यांचे दोन्ही घातले. जे आता नाहीत त्यांची नावंही त्यांनी काढू दिली नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही.

माणसं अशी बाजूला सुरक्षित ठेवली की उरलेलं बहुतेक यंत्रांनी पाठवलेलं असतं आणि तिथं नियम मोकळेपणाने लिहिता येतात. कशावरून ओळखायचं, हा मात्र कळीचा मुद्दा. बहुतेक जण विषयातल्या शब्दांवर जातात आणि तिथंच फसतात. 'ऑफर' असलेले सगळे मेल बाजूला काढा, असा नियम दिसायला निर्दोष आहे. नोकरीचं ऑफर लेटर येईपर्यंत. शब्द माणसंही वापरतात, यंत्रंही वापरतात. ओळख पटवायला मेलचा आतला भाग जास्त कामाचा.

एकदा एखादा न्यूजलेटर घ्या आणि त्याचा मूळ मजकूर उघडून पाहा; 'शो ओरिजिनल' किंवा 'व्ह्यू सोर्स' असं काहीतरी मेनूत मिळतं. वाचण्याच्या मजकुराच्या वर हेडरच्या ओळींचा ढीग असतो. 'रिसीव्हड' नावाच्या ओळी खालून वर वाचत गेलं की मेल कुठून निघून कुठल्या सर्व्हरवर थांबत आला ते दिसतं. पुढे 'लिस्ट-आयडी' ही ओळ सापडेल. कोणत्या यादीसाठी हा मेल निघाला त्याची ही ओळख, २००१ च्या आरएफसी २९१९ ने ठरवून दिलेली. न्यूजलेटरचा विषय दर आठवड्याला बदलतो, पाठवणाऱ्याचं नाव बदलतं, कधी पत्ताही बदलतो, पण ही ओळख सहसा बदलत नाही. तिच्यावर बांधलेला नियम वर्षानुवर्षं चालतो. जीमेलमध्येही फिल्टरला 'लिस्ट' असं सांगून ती पकडता येते. त्याच ढिगात 'लिस्ट-अनसबस्क्राइब' सापडेल. 'ऑटो-सबमिटेड' अशी ओळ असेल आणि तिच्यापुढे 'नो' लिहिलेलं नसेल तर मेल कुण्या माणसाने बसून लिहिलेला नाही, असं तो स्वतःच सांगतो आहे. हेडर वाचणं पहिल्यांदा किचकट वाटतं. दोन-चार मेलचे वाचले की पाठवणाऱ्याचा स्वभाव त्यांतून कळायला लागतो.

यंत्रांचे मेल मी फक्त एका प्रश्नावर वाटते: याला मुदत आहे का? बिल, हप्ता, नूतनीकरण, भेटीची वेळ, खात्यात कुणी नव्या ठिकाणाहून शिरल्याची सूचना, हे यंत्राने पाठवलेलं असलं तरी त्याला मुदत आहे. ते इनबॉक्समध्येच राहतं, फक्त लेबल लागतं. वाचण्यासारखं पण कधीही वाचता येईल असं एका जागी. पावत्या आणि पोचपावत्या दुसऱ्या जागी, न वाचताच. लागल्या तर शोधता येतात. बस, याहून जास्त फोल्डर मी केलेले नाहीत. सगळ्या खात्यांत या जागांची नावं अक्षरशः तीच ठेवली आहेत. थंडरबर्डमध्ये एक जतन केलेला शोध करून सगळ्या खात्यांतलं मुदतीचं एका यादीत बघता येतं, आणि महिन्याच्या सुरुवातीला ती एक यादी पाहिली की मन निवांत होतं.

फोल्डरची उतरंड रचण्याचा मोह मला समजतो. ग्राहकानुसार, वर्षानुसार, प्रकल्पानुसार, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी चार. १९९६ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर या संशोधकांनी मेलच्या पसाऱ्यावर एक अभ्यास केला. त्यांना तीन तऱ्हेची माणसं दिसली: रोजच्या रोज लावणारी, अधूनमधून झाडलोट करणारी आणि कधीच न लावणारी. २०११ मध्ये व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ लोकांचं जुने मेल पुन्हा शोधणं प्रत्यक्ष वापरात मोजलं, पंच्याऐंशी हजारांहून अधिक वेळा केलेलं. खपून फोल्डर करणाऱ्यांना मेल लवकर सापडत होते असं काही निघालं नाही. शोधखिडकीत शब्द टाकणारे उलट लवकर पोहोचत होते. मला यातून धीर आला. पुढे सापडावं म्हणून लावून ठेवण्याचं ओझं शोधखिडकीवर टाकता येतं. फिल्टरने फक्त एवढंच ठरवायचं की हा मेल माझ्यासमोर आत्ता यावा की नंतर.

आपण न लिहिलेले फिल्टरही असतात, शिकणारे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने स्पॅमबद्दल एक लेख लिहिला. चांगले मेल आणि स्पॅम यांच्यात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून नव्या मेलची शक्यता काढायची, ही संभाव्यतेच्या गणितातल्या बेझच्या सूत्रावरची युक्ती त्यानंतर घराघरांत पोहोचली. जीमेलने २०१० मध्ये महत्त्वाचे मेल स्वतः ओळखून वर आणायला सुरुवात केली, २०१३ मध्ये इनबॉक्सचे जाहिराती, सोशल वगैरे टॅब केले, कोणता मेल कुठल्या टॅबमध्ये ते यंत्रच ठरवतं. स्पॅमच्या लोंढ्यासमोर अशा शिकणाऱ्या यंत्रणेशिवाय टिकावच लागणार नाही, हाताने लिहिलेल्या नियमांचं ते काम नव्हे. पण स्पॅम वगळून जे उरतं, त्यातलं माझ्यासाठी मोलाचं काय, हे मी स्वतः लिहिलेल्या नियमानेच ठरावं असं मला वाटतं. मेल कुठं गेला असं कुणी विचारलं तर मला माझा नियम उघडून बोट ठेवता येतं: या ओळीमुळे गेला. टॅबने का हलवला हे मला सांगता येत नाही, आणि टॅबलाही सांगता येत नाही. बाबांच्या खात्यातले टॅब मी बंद करून टाकले.

जो मेल येतच नाही त्याला फिल्टर लागत नाही, हे मात्र आधी करायचं काम. यादीतून नाव काढायचा दुवा हेडरमध्ये देण्याची पद्धत १९९८ पासून आहे. २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने ते एका टिचकीत व्हावं अशी सोय केली. २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे आणि याद्यांचे मेल पाठवणाऱ्यांना ती सोय बंधनकारक केली. गूगलच्या हिशेबात जीमेलच्या खात्यांवर दिवसाला सुमारे ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणारे त्यात येतात. त्यामुळे ओळखीच्या कंपन्यांच्या यादीतून सुटणं आता खरोखर सोपं आहे. उघड स्पॅममधल्या असल्या दुव्यावर मात्र बोट ठेवू नये. त्याने पत्ता जिवंत असल्याचं त्यांना कळतं, इतकंच. नव्या ठिकाणी नोंदणी करताना पत्त्यातल्या आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो. जीमेलसह बऱ्याच सेवा तो मेल आपल्याच खात्यात आणतात, आणि पत्ता कुणी कुठं विकला ते नंतर त्या शब्दावरून कळतं. काही वेबसाइट असा पत्ता स्वीकारत नाहीत, तिथं इलाज नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर भीती वाटते तिच्याबद्दल. नियमांची ही सगळी ताकद दुसऱ्याच्याही हाती पडू शकते. मेलच्या खात्यात शिरलेला घुसखोर पुष्कळदा काहीच पळवत नाही, काहीच बदलत नाही. तो फक्त एक नियम लिहितो. विषयात 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' असेल तर मेल वाचलेला म्हणून खूण करा आणि आरएसएस फीडच्या, म्हणजे वेबसाइटवरचं नवं लेखन आणून ठेवणाऱ्या, फोल्डरमध्ये हलवा. त्या फोल्डरमध्ये कुणी कधी डोकावत नाही हे त्याला ठाऊक असतं. मग तो मालकाच्या नावाने ग्राहकाला बँकेचा नवा खाते क्रमांक कळवतो, आणि ग्राहकाने 'हे तुम्हीच पाठवलंत ना?' असं विचारलं तर ते उत्तर मालकाच्या नजरेला पडतच नाही. दुसरा प्रकार प्रत्येक मेलची प्रत बाहेरच्या पत्त्यावर गुपचूप पाठवण्याचा. संशय आला म्हणून पासवर्ड बदलला, तरी नियम जागच्या जागी राहतो आणि काम करत राहतो. संस्थांच्या पैशांवर डल्ला मारणाऱ्या मेल-फसवणुकीत ही नेहमीची चाल आहे. आपल्या सोयीसाठी केलेल्या वीस नियमांच्या गर्दीत एकविसावा कुणाचा, हे कोण बघतं?

म्हणून मी नियम कमी ठेवते आणि जिथं नाव देता येतं तिथं प्रत्येकाला कारण कळेल असं नाव देते: 'काकांच्या मंडळींना हलवू नये', 'वाचनाचं, शनिवारसाठी'. संस्थेच्या खात्याची नियमावली नवी व्यक्ती काम हाती घेते तेव्हा तिच्यासोबत बसून एकेक ओळ वाचून दाखवते. हाती येणारं खातं काय काय लपवतं हे तिला पहिल्या दिवशीच माहीत असावं. फॉरवर्डिंगची सेटिंग वेगळ्या पानावर असते, तेही उघडून बघायचं. खात्याला आणखी कुणाला प्रवेश दिलेला आहे का, ही यादी तिसरीकडेच असते. खाती अनेक असतील तर हे सगळं प्रत्येकात करायचं, आणि जे खातं आपण फारसं उघडत नाही त्यात आधी करायचं. जुनं, अडगळीत पडलेलं खातंच बाकीच्या खात्यांचे पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेलं असतं, हे घुसखोराला आपल्यापेक्षा जास्त लक्षात असतं.

बाबांच्या खात्यात मेल डिलीट करणारा एकही नियम नाही आणि बाहेरच्या पत्त्यावर प्रत पाठवणाराही नाही. हे मी त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे. कधी असा एखादा तिथं दिसलाच, तर तो आमच्या दोघांपैकी कुणी लिहिलेला नाही, हे त्यांना मला न विचारता कळेल.